एटीपीचा डबा घेऊ, की भाकरी खाऊ?

*ताई, मी वीस वर्षांची आहे, पोलीस भरतीची तयारी करते. गोळा बरा जातो, शंभर मीटरही जमतं. पण आठशे मीटरला दुसऱ्या राउंडमध्ये पाय एकदम जड होतात, दम लागतो, कधी कधी डोळ्यांपुढे अंधारी येते. टायमिंग साडेतीन मिनिटांच्या खाली येत नाही. अकॅडमीतले सर म्हणाले, भाकरी-भात बंद कर, त्याची नुसती चरबी होते, त्यापेक्षा हा एटीपीचा डबा घे. डबा दोन हजार चारशेचा आहे, त्यावर ‘थेट पेशींना ऊर्जा’ असं लिहिलंय. बारावीतला भाऊ म्हणतो, पेशीतली ऊर्जा एटीपीतच असते, म्हणजे डबा खरा असणार. घरची ज्वारी आहे. भाकरी नको म्हटलं की आई रुसते. पहाटे उपाशीपोटी धावते, आधी ग्लुकोजचं पाणी पिते. धावल्यावर दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतात, मैत्रिणी म्हणतात लॅक्टिक ॲसिड साचलंय. पाळीत अंगावरून जास्त जातं, पण ते आधीपासूनच आहे. डबा घेऊ का?*
*– एक वाचक, जि. सांगली*

प्रिय मैत्रिणी,

डबा घेऊ नकोस आणि भाकरी सोडू नकोस. पण पत्राच्या शेवटी तू जाता जाता जे लिहिलंस, ते मला या दोन्हींपेक्षा महत्त्वाचं वाटतं. पाळीत जास्त जातं, धावताना अंधारी येते, तर याच आठवड्यात रक्त तपासून घे. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) कर आणि सोबत फेरिटिन (लोहाचा साठा). कारण पुढे सांगते. पण तपासणी करायला माझं सगळं म्हणणं पटण्याची वाट पाहू नकोस.

आधी तुझ्या भावाचं बोलू, कारण त्याचं अर्धं बरोबर आहे. स्नायू आखडतो, मेंदूतून पायाला निरोप जातो, पेशी नवीन प्रथिनं घडवते, त्या बहुतेक कामांना लागणारी ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूतूनच येते. पण एटीपी साठवून ठेवायची वस्तू नाही. कुठल्याही क्षणी तुझ्या अख्ख्या शरीरात ते फार तर शंभरेक ग्रॅम असेल. आणि दिवसभरात शरीर वापरतं किती? जवळजवळ तुझ्या वजनाइतकं! हे जमतं, कारण तोच रेणू पुन्हा पुन्हा वापरला जातो. त्याला जोडलेल्या तीन फॉस्फेटांतला शेवटचा सुटला की एटीपीचं एडीपी होतं, आणि पेशी लगेच तो फॉस्फेट परत जोडते. एकेक रेणू दिवसातून शेकडो वेळा असा मोडतो आणि जुळतो.

आता डब्यातले दोन चमचे या हिशेबात कुठे बसतात ते तूच बघ. शिवाय ते पेशीपर्यंत पोचतही नाहीत. गिळलेलं एटीपी आतड्यातच मोडायला लागतं, त्याचे फॉस्फेट सुटतात. थोडंफार रक्तात उतरलं असं धरलं, तरी ते विद्युतभारित रेणू स्नायूच्या पेशीच्या आवरणातून जसेच्या तसे आत शिरत नाहीत. प्रत्येक पेशीला आपलं एटीपी आपल्या आतच बनवावं लागतं. शेजारची पेशीसुद्धा तिला ते उसनं देत नाही. त्यामुळे ‘थेट पेशींना ऊर्जा’ हे डब्यावरचं वाक्य खोटं आहे, आणि तयारी करणाऱ्या मुलींच्या खिशातून या वाक्यावर पैसे काढले जातात याचा मला मनापासून राग येतो.

भावाला आणखी एक सांग, त्याला परीक्षेतही उपयोगी पडेल. ‘एटीपीतला बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते’ असं सगळे लिहितात. पण कुठलाही रासायनिक बंध तोडायला ऊर्जा खर्चच होते. एटीपी आणि पाणी यांच्यापासून एडीपी आणि फॉस्फेट तयार होतात तेव्हा नवे बंध जुळतात, शेजारी शेजारी दाटीने बसलेले ऋण भार मोकळे होतात, आणि ही नवी मांडणी आधीच्यापेक्षा जास्त स्थिर असते. या सगळ्या देण्याघेण्यात जी शिल्लक उरते ती पेशीच्या कामी येते. तीही एवढी मोठी असते ती पेशीने एटीपीचं प्रमाण एडीपीच्या मानाने कायम खूप वर राखलेलं असतं म्हणून. दोन्ही आपसूक समतोलाला आली, की त्यातून काम निघत नाही.

पेशी हे प्रमाण राखू शकली नाही तर काय होतं, हे तुला नोकरीत प्रत्यक्ष दिसेल. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठरतं. स्नायूत एकमेकांवरून सरकणारे दोन प्रकारचे धागे असतात, त्यातला एक दुसऱ्याला पकडतो आणि ओढतो. ही पकड सुटायला एटीपी लागतं. श्वास थांबला, एटीपी बनायचं बंद झालं, की पकडलेले धागे पकडलेलेच राहतात. मृत्यूची वेळ ठरवताना डॉक्टर हा ताठरपणा बघतात तो यामुळेच.

आता तुझे तीन प्रकार घेऊ. भरतीच्या ग्राउंडवरचे हे तीन प्रकार म्हणजे स्नायू ऊर्जा कुठून कुठून आणतो याची जणू तीन प्रात्यक्षिकं आहेत, आणि त्यातल्या दोनांत तू पास आहेस, एकातच अडतेस. तुझ्या अडचणीचं निदान तिथेच लपलेलं आहे.

गोळा हातातून सुटेपर्यंत एक-दोन सेकंदांचा जोर लागतो. तेवढं एटीपी स्नायूत तयार असतं. पूर्ण ताकदीने ते दोनेक सेकंद पुरतं. त्याच्या पाठीशी क्रिएटिन फॉस्फेट नावाचा साठा असतो. एटीपीचा फॉस्फेट सुटला की हा आपला फॉस्फेट तिथल्या तिथे देऊन टाकतो. ना ऑक्सिजन लागतो, ना साखर मोडावी लागते. पण हाही आठ-दहा सेकंदांत संपत येतो. पुन्हा भरायला मात्र तो वेळ घेतो: निम्मा साधारण अर्ध्या मिनिटात, जवळजवळ सगळा तीन ते पाच मिनिटांत. म्हणून गोळ्याचा सराव करताना दोन फेकींमध्ये तीन मिनिटं तरी शांत उभी राहा. घाईघाईने लागोपाठ फेकलेले गोळे अर्ध्या साठ्यावर फेकलेले असतात.

हा साठा ज्यांनी शोधला त्यांच्यात एक आपला माणूस होता. आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेल्या आणि पुढे हार्वर्डला गेलेल्या यल्लप्रगडा सुब्बाराव यांनी सायरस फिस्के यांच्याबरोबर स्नायूतला फॉस्फरस मोजायची पद्धत बसवली. ती पद्धत त्यांच्या नावाने आजही ओळखली जाते. ती वापरताना स्नायूत फॉस्फेटचा एक नाजूक, पटकन मोडणारा रेणू त्यांना सापडला. १९२७ साली त्यांनी तो जाहीर केला, तेच क्रिएटिन फॉस्फेट. एटीपीवरचं कामही त्यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमानही तिथे पोचले होते. सुब्बारावांचं नाव आपल्या मुलांना माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

शंभर मीटरला क्रिएटिन फॉस्फेट निम्म्यापर्यंत साथ देतं, मग साखर मोडायला सुरुवात होते. साखरेचा, म्हणजे ग्लुकोजचा, एक रेणू दोन तुकड्यांत मोडला की निव्वळ दोन एटीपी मिळतात. ऑक्सिजन लागत नाही, काम झटपट होतं, पण हाती फार थोडं लागतं. तोच रेणू ऑक्सिजनच्या मदतीने शेवटपर्यंत जाळला, तर तीस-बत्तीस एटीपी मिळतात. (भावाच्या जुन्या गाइडात ३६ किंवा ३८ असेल. नंतरच्या मोजमापात तो आकडा खाली आला.)

आठशे मीटर मात्र वेगळं प्रकरण आहे. तीन-साडेतीन मिनिटं धावायचं म्हटलं की निम्म्याहून बरीच जास्त ऊर्जा ऑक्सिजनच्या वाटेने यावी लागते. तुझा गोळा चांगला, शंभर मीटर चांगलं, म्हणजे स्नायूत ताकद आहे, तातडीचा साठा ठीक आहे. अडतंय ते ऑक्सिजनच्या वाटेवर. ही वाट फुप्फुसापासून पेशीच्या आतपर्यंत जाते, आणि तिच्यावर तीन-चार ठिकाणी अडथळा येऊ शकतो. एटीपीचा डबा यातल्या एकाही ठिकाणाला हात लावत नाही.

पेशीच्या आत ही वाट जिथे संपते ते मायटोकॉन्ड्रिया. दुहेरी पडद्याचे हे कण तुझ्या मांडीच्या एकेका स्नायूतंतूत शेकड्यांनी, हजारांनी असतात. साखरेतून आणि चरबीतून काढलेले इलेक्ट्रॉन तिथल्या आतल्या पडद्यात बसवलेल्या प्रथिनांच्या रांगेतून हातोहात पुढे जातात. शेवटी उभा असतो ऑक्सिजन. तो इलेक्ट्रॉन घेतो आणि पाणी बनतो. तू श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनचं शरीरात मुख्यतः हेच होतं. इलेक्ट्रॉन पुढे सरकताना ही प्रथिनं पडद्याच्या आतले प्रोटॉन बाहेर उपसतात. बाहेर प्रोटॉनची गर्दी होते, आत तुटवडा पडतो. कोयनेच्या भिंतीमागे पाणी अडवून उंची तयार करावी, आणि ते खाली येताना टर्बाइनवर सोडावं, तसं इथे प्रोटॉनचं होतं. त्यांना आत परतायला मोठी वाट एकच, एटीपी सिंथेज नावाचं प्रथिन, आणि ते खरोखर फिरतं.

पेशी ऊर्जा अशी पडद्याच्या दोन बाजूंच्या फरकात धरून ठेवत असेल, हे पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६१ साली मांडलं. तेव्हा बहुतेक जाणकारांनी ते मानलं नाही. सगळे त्या काळी एखादा मधला रासायनिक रेणू शोधत होते, आणि तो सापडत नव्हता. १९७८ साली मिचेलना नोबेल मिळालं. पुढे १९९७ साली जपानमधल्या संशोधकांनी जो प्रयोग केला, तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो. त्यांनी या प्रथिनाचा एक भाग काचेला घट्ट चिकटवला आणि त्याच्या मधल्या दांड्याला चमकणारा एक धागा बांधला. हा धागाही ॲक्टिनचा, म्हणजे स्नायूत असतो त्याच प्रथिनाचा. मग त्यांनी एटीपी सोडलं आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. धागा गोल गोल फिरायला लागला, कायम एकाच दिशेने. एटीपी खर्च करून यंत्र उलटं फिरत होतं. शरीरात प्रोटॉनच्या जोरावर ते सुलटं फिरतं आणि एका फेऱ्यात तीन एटीपी जुळवून देतं. सेकंदाला शंभराच्या घरात फेरे. तू हे वाचतेस तेवढ्या वेळात तुझ्या शरीरात हे किती ठिकाणी चाललंय याची कल्पनाही करवत नाही.

आणि हेच यंत्र तुमच्या रानातल्या ज्वारीच्या पानात आहे. पेशी ऊर्जा पकडते तीही याच पद्धतीने. पानातलं हरितद्रव्य उजेड शोषतं, त्या धक्क्याने त्यातला इलेक्ट्रॉन सुटतो. त्याची भरपाई करायला पान पाण्याचा रेणू फोडतं आणि ऑक्सिजन बाहेर टाकतं. सुटलेले इलेक्ट्रॉन तसेच हातोहात पुढे जातात, तसेच प्रोटॉन एका बाजूला जमतात, आणि तसंच एटीपी सिंथेज फिरून एटीपी बनवतं. पण पान हे एटीपी साठवत नाही. ते लगेच खर्चून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर बांधतं. भाकरीच्या पिठातला कार्बन मातीतून येत नाही, तो हवेतून येतो.

भावाच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक असेल तर त्याला ज्वारीचं ताजं पान घेऊन जायला सांग. नव्या ब्लेडने पानाचा आडवा, होईल तितका पातळ काप घ्यायचा, पाण्याच्या थेंबात ठेवून बघायचा. प्रत्येक शिरेभोवती मोठ्या, गडद हिरव्या पेशींचं कडं दिसतं. गव्हाच्या पानात असं ठळक हिरवं कडं दिसत नाही. ज्वारी बाहेरच्या पेशींत कार्बन डायऑक्साइड पकडून त्याचं चार कार्बनांचं आम्ल करते, ते आम्ल त्या कड्यातल्या पेशींत पाठवते आणि तिथे तो वायू पुन्हा सोडते. एवढा खटाटोप कशासाठी? साखर बांधणारं जे मुख्य प्रथिन आहे, रुबिस्को, ते उन्हाच्या कडाक्यात कार्बन डायऑक्साइडऐवजी चुकून ऑक्सिजनच धरतं आणि केलेलं काम वाया जातं. कड्यात कार्बन डायऑक्साइड दाटून ठेवला की ही चूक जवळजवळ टळते. त्यासाठी जादा एटीपी खर्च होतं, पण पान पाणी कमी गमावून तग धरतं. ऊस, मका, बाजरीही हेच करतात. या मार्गाचा उलगडा हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात केला, आणि तोही उसावर काम करताना. तरीसुद्धा शेतावर पडलेल्या उन्हातला जेमतेम एखाद-दुसरा टक्का पिकात उतरतो. एवढ्या कष्टाने पकडलेलं ऊन तुझ्या ताटात येतं, आणि सर ते बंद कर म्हणतात.

भाकरीतलं पिष्ट पोटात साखरेत मोडतं. त्यातली तेव्हा न लागणारी साखर शरीर ग्लायकोजेन म्हणून साठवतं: यकृतात शंभरेक ग्रॅम, स्नायूंत तीन-चारशे ग्रॅम. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भाकरी-भात सोडल्यावर पहिल्या आठवड्यात काटा दोन किलो खाली येतो त्यात मोठा वाटा या पाण्याचा असतो. तुझ्या सरांनी बहुधा हेच पाहून चरबी उतरली असं धरलं. उतरलेला असतो तो धावायचा साठा.

चरबी हा खरा मोठा साठा. एका ग्रॅममागे नऊ किलोकॅलरी, पिष्टाच्या दुपटीहून जास्त, आणि पाण्याचं ओझं नाही. पण चरबीतून ऊर्जा सावकाश मोकळी होते आणि तेवढ्याच ऊर्जेला ऑक्सिजन थोडा जास्त लागतो. डोंगर चढताना, शेतात दिवसभर राबताना ती उत्तम. आठशे मीटरच्या जोरात पाय ग्लायकोजेनच मागतात.

आता एक बारकावा, जो उपाशीपोटी धावणाऱ्या प्रत्येकीने लक्षात ठेवावा. स्नायूतलं ग्लायकोजेन त्या स्नायूपुरतंच असतं. साखर परत रक्तात सोडायला जे एन्झाइम लागतं ते स्नायूकडे नाही, यकृताकडे आहे. रात्रभर तू झोपलेली असतेस तेव्हा मेंदूची भूक यकृत भागवतं, आणि पहाटेपर्यंत त्याचा साठा बराच खाली आलेला असतो. मग रात्री भाकरी नाही, पहाटे पोट रिकामं, आणि वर जोराचा सराव. अंधारी येण्यात याचाही हात असू शकतो.

ग्लुकोजच्या पाण्याने हे भरून निघत नाही. तीन मिनिटांच्या धावेला लागणारी साखर आदल्या दिवशीच स्नायूत जाऊन बसलेली असावी लागते. उलट धावण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी नुसती साखर प्यायली, की काही जणांना इन्सुलिन वाढून सुरुवातीलाच गळल्यासारखं होतं. तुला तसं होत असेल तर ते पाणी बंदच कर. नियमित सराव करणाऱ्याला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण पाच ग्रॅम पिष्ट लागतं. तू पन्नास किलोची असशील तर अडीचशे ग्रॅम. पन्नास ग्रॅम पिठाच्या भाकरीत सुमारे पस्तीस ग्रॅम असतं. म्हणजे दोन्ही वेळच्या जेवणात भाकरी, भात, डाळ, उसळ असं भरपेट खाल्लंस तरच हिशेब जमतो. पहाटे उठल्यावर एक केळं, नाहीतर गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे. केळं लगेच पचतं, शेंगदाणे पोटात जड वाटत असतील तर ते सरावानंतर खा. सराव झाला की तासाभरात नीट न्याहारी कर.

पाय जड होतात त्याबद्दल. शिट्टी वाजली की तू पहिले दोनशे मीटर शंभर मीटरसारखे पळत असणार, बहुतेकजणी तसंच करतात. ऑक्सिजनची वाट पूर्ण सुरू व्हायला मिनिटभर लागतं. श्वास वाढायला, हृदयाचे ठोके चढायला, पायातल्या रक्तवाहिन्या उघडायला वेळ जातो. तोवर सगळा भार बिनऑक्सिजनच्या झटपट मार्गावर पडतो आणि स्नायूत फॉस्फेट आणि आम्लता वाढत जाते. दुसऱ्या राउंडला पाय ऐकेनासे होतात ते त्यामुळे. मुळात पाच-सात मिनिटं हळू धावून, मग दोन-तीन छोट्या जोरदार धावा घेऊन रेषेवर उभी राहिलीस, तर ही वाट आधीच अर्धी उघडलेली असते. आणि पहिला राउंड दुसऱ्यापेक्षा फार तर तीन-चार सेकंद जलद ठेव. घड्याळ लावून, पुन्हा पुन्हा. पहिल्या दोनशेला मैत्रिणी पुढे जातील, जाऊ दे.

लॅक्टिक ॲसिडवर मात्र उगाच आळ येतो. स्नायूत तयार झालेलं लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिड शरीरात याच रूपात असतं) धाव संपल्यावर तासाभरात जवळजवळ निघून जातं. ते कचरा नाही. हृदय ते आवडीने जाळतं, आणि यकृत त्याची पुन्हा साखर करून रक्तात सोडतं. हे चक्र कार्ल आणि गर्टी कोरी या जोडप्याने उलगडलं. १९४७ साली त्यांना नोबेल मिळालं, आणि वैद्यकशास्त्रातलं नोबेल मिळवणारी गर्टी ही पहिली स्त्री. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतात त्या स्नायूतंतूंना झालेल्या अगदी बारीक इजांनी, विशेषतः उतारावर धावल्यावर किंवा नवा व्यायाम सुरू केल्यावर. एक-दोन दिवसांत हे दुखणं सर्वांत जास्त असतं, मग आपोआप ओसरतं. त्यासाठी पैसे देऊन काही ‘काढून टाकायची’ गरज नाही. पण दुखणं एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं असेल आणि धावताना वाढत असेल, तर ते हाडाचं असू शकतं. मग धावणं थांबव आणि डॉक्टरांना दाखव.

आता रक्ताबद्दल. ऑक्सिजन फुप्फुसातून पायापर्यंत नेतं हिमोग्लोबिन, आणि त्याच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात. स्नायूत तो ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या मायोग्लोबिनमध्ये लोह. मायटोकॉन्ड्रियात इलेक्ट्रॉन हातोहात नेणाऱ्या प्रथिनांतही लोह, अगदी शेवटी ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देणाऱ्या प्रथिनातसुद्धा. लोह कमी पडलं की ऑक्सिजनची ही वाट एका ठिकाणी नाही, प्रत्येक टप्प्यावर अरुंद होते. गोळा आणि शंभर मीटर तरीही बरे जातात, कारण त्यांना त्या वाटेची फारशी गरज नसते. आठशेला मात्र सगळं उघड पडतं. तुझं चित्र याच्याशी इतकं जुळतं की मला हे सर्वांत आधी तपासावंसं वाटतं.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. एवढ्या जणींना असतो म्हणून तो साधा मानायचा, ही आपल्याकडची सवय मला फार खुपते. ‘आधीपासूनच आहे’ असं तूही लिहिलंस. पाळीत जास्त जाणं हे स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचं कारण आहे, सोसायचं नाही. तुझ्या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. ते १२ च्या वर असूनही फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तळाला गेलेला असू शकतो, आणि त्यानेही धावणाऱ्या मुलींना थकवा येतो. म्हणून दोन्ही तपासण्या सांगितल्या. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात, पण किती आणि किती दिवस हे रिपोर्ट बघून डॉक्टरांना ठरवू दे. मधेच सोडू नकोस. हिमोग्लोबिन वर आल्यावरही साठा भरायला काही महिने जातात. जेवणात हळीव, पालेभाजी, कडधान्यं, चालत असेल तर मटण-कलेजी ठेव. भाजीवर लिंबू पिळ, त्याने लोह जास्त शोषलं जातं. जेवणाबरोबरचा चहा मात्र तोड, तासभर आधी किंवा नंतर घे. गुळावर भिस्त ठेवू नकोस, त्यात लोह आपण समजतो तेवढं नसतं.

अंधारी येण्याचं कारण कळेपर्यंत जोराची धाव बंद ठेव, चालणं आणि हलकं जॉगिंग ठीक. छातीत दुखलं किंवा खरोखर चक्कर येऊन पडलीस तर त्याच दिवशी दवाखाना गाठ.

कारण कळल्यावर मग सराव कसा? मायटोकॉन्ड्रिया वाढवता येतात, ही या सगळ्यातली आनंदाची गोष्ट. १९६७ साली अमेरिकेत जॉन होलोझी यांनी उंदरांना काही आठवडे पट्ट्यावर पळवलं, तर त्यांच्या पायांच्या स्नायूंतली ऑक्सिजन वापरायची क्षमता जवळजवळ दुप्पट झाली. माणसातही तसा बदल होतो, आणि तो हळू धावण्याने होतो. तू रोज ग्राउंडवर जाऊन आठशेचं टायमिंगच काढत असशील तर ते थांबव. आठवड्यातले तीन दिवस अर्धा-पाऊण तास, शेजारणीशी बोलता येईल अशा वेगाने धाव. एक दिवस चारशे मीटरचे चार-पाच राउंड, मधे तीन मिनिटं चालत. एक दिवस गोळा आणि छोट्या धावा. उरलेले दोन दिवस विश्रांती, नीट झोप. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतील, आणि रक्त कमी निघालं तर ते भरून येईपर्यंत थोडे जास्त.

क्रिएटिनबद्दल तू विचारलं नाहीस, पण अकॅडमीत कुणी ना कुणी सुचवेलच. छोट्या जोराच्या कामात त्याचा थोडा उपयोग होतो, त्याला पुरावा आहे, आणि मांसाहार न करणाऱ्यांत तो जरा जास्त दिसतो. पण त्याचा फायदा गोळ्याला आणि शंभर मीटरला, जे तुला आधीच जमतंय. वरून वजन किलोभर वाढतं, ते आठशेला घेऊन पळावं लागेल. तुला आत्ता नको. आणि भरतीच्या आदल्या दिवशी कुणी ‘ताकदीचं’ इंजेक्शन देऊ केलं, तर ते काहीही असो, घेऊ नकोस.

सरांशी भांडू नकोस, त्यांना रक्ताचा रिपोर्ट दाखव. आईला सांग की ताईने रात्रीच्या ताटात दोन भाकऱ्या आणि उसळ लिहून दिलीय. डब्याच्या पैशांत दोन्ही तपासण्या आणि डॉक्टरांची फी भागून थोडे उरावेत, त्यांत हळीव आण. रिपोर्ट आला की हिमोग्लोबिन आणि फेरिटिन दोन्ही आकडे मला कळव, आणि पहिल्या राउंडचं टायमिंग वेगळं लिही.

तुझी,
ताई